हिरवा आकडा आणि दुधनीची पट्टी

गेलं दीड वर्ष ऑफिसात मी एकाच गोष्टीमागे आहे. कर्मचाऱ्यांना कंपनीकडून मिळणारे शेअर्स, म्हणजे ज्याला आपण सगळे सरसकट 'ईसॉप' म्हणतो, ते सांभाळणारं मोबाइल अ‍ॅप. डिझाइनपासून लाँचपर्यंतची टीम माझ्याकडे होती. त्यातल्या तांत्रिक भागावर लिहून तुमचा रविवार खराब करत नाही. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त वादावादी झाली ती सर्व्हरवरून किंवा सिक्युरिटीवरून नाही, तर पहिल्या स्क्रीनवरून. अ‍ॅप उघडल्याबरोबर माणसाला कुठला आकडा दाखवायचा? प्रश्न एवढाच. त्याचं उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो आणि मग माझे बरेच वीकएंड त्यातच गेले.

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. समजा, तुम्हाला कंपनीने १००० ऑप्शन्स दिले आहेत. १०० रुपयांना एक शेअर घेण्याचा हक्क, आणि आज शेअरचा भाव ५०० रुपये. बहुतेक अ‍ॅप्स पहिल्या स्क्रीनवर मोठ्या हिरव्या अक्षरांत दाखवतात : ५,००,०००. माणूस खूश. घरी जाऊन सांगतो, पाच लाख आहेत आपले.

आता खरा हिशोब. १००० पैकी आजवर 'व्हेस्ट' झालेत, म्हणजे खऱ्या अर्थाने तुमच्या हक्काचे झालेत, समजा ४००. त्यांची किंमत २,००,०००. ते घ्यायला तुम्हीच कंपनीला भरायचे ४०,०००. राहिलेल्या १,६०,००० वर पगारासारखाच इन्कम टॅक्स. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ४ टक्के सेस धरून ४९,९२०. हातात येणार १,१०,०८०, आणि तेसुद्धा शेअर त्याच दिवशी त्याच भावाला विकता आला तर. पाच लाख कुठे आणि एक लाख दहा हजार कुठे! दोन्ही आकडे खोटे नाहीत. पण पहिला आकडा बघून ज्याने फ्लॅटचं बुकिंग केलं, त्याचं काय?

म्हणून मला मुळापासून बघायचं होतं, की नोकरी करणाऱ्या माणसाच्या हातात शेअर आला तेव्हा त्याला नक्की काय मिळालं?

शेअर म्हणजे काय, या प्रश्नावर आपल्या सुप्रीम कोर्टाने अगदी सुरुवातीच्या काळात जो खल केला तो आमच्या सोलापूरच्या एका गिरणीवरून, हे मला सापडलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे सोलापूरकरांची 'जुनी मिल'. १८७७ साली सुरू झालेली. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली. कारभार बिघडला होता, हजारो कामगार रस्त्यावर. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला आणि मिलचा ताबा घेतला. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले आले. भागधारकांनी संचालक निवडायचे नाहीत, सरकारच्या मंजुरीशिवाय त्यांचा कुठलाही ठराव लागू व्हायचा नाही, कंपनी गुंडाळायचा अर्जसुद्धा परस्पर करायचा नाही.

चिरंजीतलाल चौधरी नावाचा एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. माझी मालमत्ता हिरावून घेतली, म्हणाला. ४ डिसेंबर १९५० ला पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी त्याचं म्हणणं फेटाळलं. त्यातला युक्तिवाद मला फार रोचक वाटला : शेअर अजून तुझ्याच नावावर आहे, तो तू विकू शकतोस, डिव्हिडंड निघाला तर तुलाच मिळेल. मतदानाच्या हक्कावर गदा आली म्हणजे मालमत्ता गेली असं नाही. पुढे द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाने निराळ्या अंगाने दावा लावला. त्याच्या प्रेफरन्स शेअर्सचे अर्धेच पैसे भरलेले होते आणि सरकारी संचालकांनी उरलेले मागितले. डिसेंबर १९५३ मध्ये तो जिंकला आणि तो कायदाच घटनाबाह्य ठरला.

म्हणजे शेअर ही एक वस्तू नाही. ती हक्कांची मोळी आहे. त्यातली एखादी काटकी काढून घेतली तरी मोळी तुझीच, असं कोर्ट एकदा म्हणालं, आणि तीन वर्षांनी त्याच कंपनीच्या बाबतीत निकाल उलटा गेला. अ‍ॅप बनवणाऱ्याने हे वाचायलाच हवं. आपल्या स्क्रीनवर मोळी एका आकड्यात बांधलेली असते. कुठली काटकी आत आहे आणि कुठली नाही, ते दिसतच नाही.

आणि या सगळ्या खटल्यात गिरणीचा कामगार कुठे आहे? तो वटहुकुमाच्या प्रस्तावनेत आहे, बेकारी टाळायला हवी म्हणून. भागधारकांच्या यादीत त्याचं नाव असायचा प्रश्नच नव्हता.

कामगाराचं नाव भागधारकांच्या यादीत पहिल्यांदा ठळकपणे आलं ते मुंबईत, कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये. मालक घराण्यातल्या भांडणांत कंपनी डबघाईला आली, १९८५ मध्ये बंद पडली. कामगार युनियन म्हणाली, आम्ही चालवतो. कामगारांची सहकारी संस्था काढायची आणि तिने कंपनी ताब्यात घ्यायची. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये कोर्टाने परवानगी दिली. कामगारांनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून भांडवलात घातले. १९८९ मध्ये कारखान्यात पुन्हा उत्पादन सुरू झालं, आणि पहिली काही वर्षं बरी गेली. पुढे गाडी परत रुळावरून घसरली.

मला यात खटकणारी, किंवा खरं तर भिडणारी गोष्ट म्हणजे पीएफ. म्हातारपणाची पुंजी त्याच कंपनीत, पगारही त्याच कंपनीतून. कंपनी बुडाली की दोन्ही बुडणार. आज आपण एअर कंडिशन्ड ऑफिसात बसून जे करतो ते तत्त्वतः वेगळं नाही. पगार इथला, ऑप्शन्स इथले, होम लोन या दोन्हींच्या भरवशावर. कुर्ल्याच्या कामगारांनी निदान डोळे उघडे ठेवून उडी मारली होती, कारण दुसरा पर्यायच नव्हता.

दुसरी तऱ्हा लार्सन अँड टुब्रोची. रिलायन्सकडे असलेले एल अँड टीचे शेअर्स २००१ मध्ये बिर्लांच्या ग्रासिमने घेतले आणि कंपनी हातची जाते की काय अशी धाकधूक सुरू झाली. शेवटी २००३ मध्ये तोडगा निघाला : सिमेंटचा धंदा वेगळा काढून ग्रासिमकडे जाणार (तेच आजचं अल्ट्राटेक), आणि ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर्स कर्मचाऱ्यांचा ट्रस्ट घेणार. आज हा ट्रस्ट कंपनीच्या सगळ्यात मोठ्या भागधारकांपैकी एक आहे, सुमारे १४ टक्क्यांचा. इथे कर्मचारी एकत्रितपणे मालक आहेत, पण पवईतल्या एखाद्या इंजिनिअरला 'तुझे त्यात किती?' असं विचारलं तर त्याला आकडा सांगता येणार नाही. ट्रस्टचा आहे, त्याचा नाही. अशा मालकीला अ‍ॅप लागत नाही. शत्रूला दारात रोखायला मात्र ती फार उपयोगी पडते.

आणि तिसरी तऱ्हा, आपल्या सगळ्यांची. ती सुरू झाली पुण्यातच. इन्फोसिसचा जन्म १९८१ चा आणि पुण्यातला. सात भागीदार आणि सुधा मूर्तींनी दिलेले १०,००० रुपये, ही गोष्ट आता इतकी सांगून झाली आहे की मी पुन्हा सांगत नाही. १९८३ मध्ये मंडळी बंगलोरला गेली (पुणेकरांनी ही हळहळ अजून सोडलेली नाही :-)). १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर बाजारात आणला तेव्हा लोकांनी फारसा प्रतिसादही दिला नव्हता. १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी योजना आली. मार्च १९९९ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर गेली आणि मग ड्रायव्हर-शिपायांच्या लखपती झाल्याच्या गोष्टी दर आठवड्याला पेपरात यायला लागल्या.

एक गंमत इथे सांगायला हवी. ईसॉप हा शब्द आपण अमेरिकेकडून घेतला, पण अर्थ बदलून. तिथे १९५६ मध्ये लुई केल्सो नावाच्या वकिलाने कॅलिफोर्नियातल्या एका वृत्तपत्र कंपनीसाठी पहिली योजना बांधली. म्हातारे मालक निवृत्त होत होते, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीच्या ट्रस्टने त्यांचे शेअर्स विकत घेतले. तिकडचा ईसॉप म्हणजे आजही मुख्यतः हाच, निवृत्तीसाठीचा. आपल्याकडे ज्याला ईसॉप म्हणतात तो स्टॉक ऑप्शन, सिलिकॉन व्हॅलीच्या घराण्यातला. तिकडे मालकीची गोष्ट आहे, इकडे कर्मचारी टिकवून ठेवायची. त्यामुळे 'आमच्याकडे सगळे ओनर आहेत' असं एचआर म्हणतं तेव्हा मी मनात कंसात लिहितो : (चार वर्षांनी, राहिलास तर).

नियम मागाहून आले. जयंत वर्मा समितीच्या शिफारशींवरून सेबीने जून १९९९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ऑप्शन दिल्यापासून व्हेस्ट होईपर्यंत किमान एक वर्ष गेलं पाहिजे, ही अट तेव्हापासूनची. त्याआधी तीन वर्षं, नोव्हेंबर १९९६ मध्ये, मुंबईत एनएसडीएल सुरू होऊन डीमॅट आलं होतं. हे झालं नसतं तर मोबाइलवर शेअर ही कल्पनाच अशक्य होती. कागदी सर्टिफिकेटच्या काळात सही जुळली नाही म्हणून शेअर्स परत यायचे, पोस्टात गहाळ व्हायचे. हजारो कर्मचाऱ्यांना दर तिमाहीला थोडे थोडे शेअर्स द्यायचे तर नुसत्या सह्या करायला माणसं ठेवावी लागली असती. आणि या योजनांचा हिशोब ऑनलाइन ठेवून द्यायचा धंदासुद्धा पुण्यातच उभा राहिला. ईसॉप डायरेक्ट ही कंपनी २००० सालची. ती २०२२ मध्ये क्वापिटाने घेतली. म्हणजे मी ज्या धंद्यात आहे त्याला माझ्याच शहरात पाव शतकाचा इतिहास आहे आणि मला दोन वर्षांपूर्वी त्याचा पत्ताही नव्हता.

टॅक्सचा इतिहास तर वेगळ्या लेखाचा विषय. २००७ ते २००९ या काळात ईसॉपवर कंपनीकडून फ्रिंज बेनिफिट टॅक्स घेतला जायचा, नंतर बोजा कर्मचाऱ्याच्या पगारावर आला. २०२० च्या बजेटमध्ये काही ठरावीक स्टार्टअप्सच्या कर्मचाऱ्यांना हा टॅक्स पुढे ढकलायची सवलत मिळाली. ही सवलत का द्यावी लागली? कारण लिस्टेड नसलेल्या कंपनीत तुम्ही शेअर घेता, टॅक्स लगेच रोख भरता, आणि शेअर विकायला बाजारच नसतो. माझ्या आधीच्या नोकरीतला एक मित्र (कंपनीचं नाव जाऊ दे) सोडून निघाला तेव्हा त्याला ९० दिवस मिळाले. ऑप्शनची किंमत आणि टॅक्स मिळून रक्कम त्याच्या वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त होत होती. बायको बाळंतपणाला माहेरी, घरात आणखी खर्च. त्याने सगळे ऑप्शन्स सोडून दिले. चार वर्षं तो पोर्टलवर लॉगिन करून तो हिरवा आकडा मला दाखवायचा. ९१ व्या दिवशी तिथे शून्य होतं. कुणी त्याला फसवलं नव्हतं. सगळं त्याने सही केलेल्या पत्रात लिहिलेलं होतं, पान ७ वर.

आता दुधनी. माझं गाव. कुठे आलं म्हणाल, तर सोलापूर-कलबुर्गी रेल्वेवर, अक्कलकोट तालुक्यात, महाराष्ट्र संपतो तिथे. पुढची काही स्टेशनं गेली की गाणगापूर. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दोन्ही. गाव लहान पण मार्केट यार्ड मोठं. तूर, उडीद, हरभरा, ज्वारी, कर्नाटकातल्या गावांतूनही माल येतो. माझे अज्जा (आजोबांना आमच्याकडे असंच म्हणतात) तिथे एका आडत दुकानात दिवाणजी होते. पट्ट्या लिहायचे.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल विकल्यावर त्याला मिळणारा हिशोबाचा कागद. अज्जांच्या काळच्या काही पट्ट्या अजून घरी ट्रंकेत आहेत. वर पोती किती, वजन किती, भाव काय. मग एकूण रक्कम. त्याखाली एकेक वजावट : आडत, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल. आणि सगळ्यात खाली, दोन रेघांच्या मध्ये, हातात येणारी रक्कम. शेतकरी पट्टी खालून वर वाचतो. आधी शेवटची ओळ, मग ती कशी झाली ते. अज्जा सांगायचे, वरचा आकडा दुकानदाराच्या फुशारकीचा, खालचा शेतकऱ्याच्या पोटाचा. आडत्यांबद्दल भाबडं बोलायचं कारण नाही. काट्यात मारणारे होते, उचलीवर व्याज लावणारेही होते. पण वजावट लिहायची कुठे, हे त्या कागदात पक्कं ठरलेलं होतं. फसवायचं तरी ओळीत लिहून फसवावं लागे!

आमच्या पहिल्या स्क्रीनचा प्रश्न मी शेवटी असा मांडला : आपण पट्टी दाखवूया.

क्लायंट होता चाकणकडचा एक कारखाना. त्यांनी सुपरवायझर पातळीपर्यंत ऑप्शन्स दिले होते, म्हणून अ‍ॅप मराठी आणि हिंदीतही हवं होतं. त्यांच्या एचआरला मोठा हिरवा आकडा हवा होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं : योजना माणसं टिकवण्यासाठी आहे, आकडा बघून माणूस थांबला पाहिजे, तुम्ही वजावटी दाखवून उत्साह का घालवता? मला हे म्हणणं पटलं नाही, पण समजलं. तीन मीटिंग्ज झाल्या. तिसऱ्या मीटिंगला मी ट्रंकेतल्या एका पट्टीचा फोटो प्रोजेक्टरवर लावला. त्यांचा फायनान्सचा माणूस बार्शीचा निघाला. तो हसला आणि म्हणाला, हे आमच्या वडिलांना कळेल. मग तडजोड झाली. एकूण किंमत वर, साध्या काळ्या अक्षरांत. खाली व्हेस्ट न झालेले वजा, भरायची किंमत वजा, अंदाजे टॅक्स वजा. आणि तळाला ठळक : आज विकलं तर हातात. हिरवा रंग कुठेच नाही.

भाषांतराने वेगळा घाम काढला. 'एक्सरसाइज' या शब्दाचं मशीनने केलेलं मराठी 'व्यायाम' असं आलं. तुमचे ४०० ऑप्शन्स व्यायामासाठी उपलब्ध आहेत! एक आठवडा टीममध्ये याच्यावरच विनोद चालले. शेवटी 'शेअर घ्या' एवढं साधं बटण ठेवलं. 'व्हेस्ट'ला कायद्याचा शब्द 'निहित' आहे, पण तो चाकणच्या शॉप फ्लोअरवर कोण वाचणार? आमच्या टेस्टरने 'पिकलेले' सुचवलं. ते मला फार आवडलं होतं, क्लायंटला नाही. 'हक्काचे झालेले' ठरलं. लांब आहे, छोट्या फोनवर दोन ओळी खातं, पण खरं आहे.

'विका' हे बटण दर तिमाहीला काही आठवडे बंद होतं. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत आतल्या माहितीचा गैरवापर होऊ नये म्हणून ट्रेडिंग विंडो बंद ठेवतात, त्यामुळे. पूर्वीच्या पोर्टलवर बटण नुसतं करडं व्हायचं आणि हेल्पलाइनला फोन यायचे, की कंपनीने आमचे शेअर्स अडकवले. आम्ही बटणाच्या जागी कारण आणि पुन्हा सुरू होण्याची अपेक्षित तारीख लिहिली. लाँचसुद्धा मुद्दाम विंडो बंद असताना केलं. पहिले काही दिवस लोकांना नुसतं बघू दे, वाचू दे, प्रश्न विचारू दे. विकायची घाई नको.

आणि प्रश्न आलेच. सगळ्यात जास्त आलेला प्रश्न : नोकरी सोडली तर काय होतं? पान ७ वरचं ते उत्तर आम्ही दुसऱ्या स्क्रीनवर आणलं, तेसुद्धा त्या माणसाच्या स्वतःच्या आकड्यांसकट. आज राजीनामा दिलात तर इतके जातील, इतके घेता येतील, अमुक दिवसांत, इतके पैसे भरून. एचआरने यावर अजून एकदा हरकत घेतली आहे. तो स्क्रीन पुढच्या आवृत्तीत राहील की नाही, हे मी आज खात्रीने सांगू शकत नाही. राहावा म्हणून मी भांडतो आहे.

दुसरा प्रश्न मात्र आमच्या यादीतच नव्हता. एका सुपरवायझरने हेल्पलाइनला विचारलं, मी गेलो तर बायकोला मिळेल का? उत्तर नियमात स्पष्ट आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर दिलेले सगळे ऑप्शन्स, व्हेस्ट झालेले असोत वा नसोत, वारसांच्या किंवा नॉमिनीच्या हक्काचे होतात. एक वर्षाची अटही तिथे आड येत नाही. पण हे घरच्यांना माहीत तर हवं. फोन लॉक, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. म्हणून आता एक पानाचा प्रिंट काढायची सोय करतो आहोत, नॉमिनीच्या नावासकट, मराठीत. ट्रंकेत ठेवता येईल असा.